उतरत्या पाण्याची कड

डिसेंबरातल्या एका सकाळी, चांगदेव गावाच्या अलीकडे, जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावर एका सात-आठ वर्षांच्या पोराची चप्पल चिखलात राहिली. घडलं ते इतकंच. पक्षी बघायला म्हणून एक कुटुंब आलं होतं. गाडी वर बांधापाशी लावून सगळे खाली उतरले, पोरगं पुढे धावलं आणि कोरड्या दिसणाऱ्या जमिनीत त्याचा एक पाय पोटरीपर्यंत गेला. बापानं काखेत हात घालून त्याला वर ओढलं. फच्च असा आवाज झाला, पाय आला, चप्पल आली नाही. पाय होता तिथे एक भोक दिसत होतं. त्याच्या कडा हळूहळू आत सरकल्या, तळाशी थोडं पाणी झिरपलं आणि पाच मिनिटांत तिथे काही घडलं होतं याची खूणही उरली नाही. बापानं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, हाताला काही लागलं नाही. शेजारच्या गाळपेरीत, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळावरच्या शेतात, हरभऱ्यातलं तण काढत बसलेले एक बाबा तिथूनच म्हणाले, "जाऊ दे भो, आता उन्हायातच भेटीन ते." पोरगं मात्र त्या गुळगुळीत जागेकडे बघत उभं राहिलं. "पप्पा, खाली किती आहे?" बाप म्हणाला, "चल आता."

तो प्रश्न डोक्यातून जात नाही. कारण ज्या जमिनीवर आपण पक्षी बघायला जातो, ती जमीन नाहीच आणि पाणीही नाही. ती दोघांच्या मधली गोष्ट आहे, आणि खानदेशात अशी जागा सहज सापडत नाही. आपल्याकडची नदी खोल वाहते. तापीच्या दोन्ही अंगांना पिवळ्या-करड्या मातीच्या उभ्या दरडी, त्यांना पावसानं पाडलेल्या घळी, आणि खाली पात्र. पूर आला की पाणी त्या दरडींमध्येच चढतं आणि त्यांच्यातच उतरतं. पसरून, रेंगाळून, महिनोन्‌महिने उथळ साचून राहायला त्याला सपाटी मिळत नाही. म्हणून इथे कोकणातल्या खाजणासारखं काही नाही, की बंगालातल्या 'बिल' म्हणतात त्या उथळ दलदली तळ्यांसारखं काही नाही. आहेत ते तलाव. जळगावचा मेहरूण, धुळ्याचा नकाणे, मुक्ताईनगरजवळचा हरताळा. पक्षी त्यांच्यावरही येतात, पण मैलभर पसरलेली ओली सपाटी बघायची असेल तर तापी-पूर्णेच्या संगमाकडेच जावं लागतं. आणि ही सपाटी निसर्गानं एकट्यानं केलेली नाही. ती धरणामुळे झाली, आणि नंतर त्या धरणात साठलेल्या गाळामुळे झाली.

हतनूर धरण १९८२ साली पूर्ण झालं. ४१ दरवाजे, पूर्ण संचय पातळी २१४ मीटर, एकूण साठवण ३८८ दशलक्ष घनमीटर आणि त्यातली वापरता येणारी २५५. हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात या साठवणीतला मोठा वाटा गाळानं केव्हाच घेतला आहे. गाळ कुठून येतो ते संगमावर उभं राहिलं की पावसाळ्यात डोळ्यांनी दिसतं. तापी मुलताईहून निघून सातपुड्याच्या खडकांतून, बऱ्हाणपूरवरून येते. पूर्णा येते ती अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातून, शेकडो फूट खोल मातीच्या थरावरून. त्या मातीत दगड नाही, रेतीही फारशी नाही. आहे ती पिठासारखी बारीक काळी चिकणमाती. ती पाण्यात तरंगत येते, आणि पाणी धरणापाशी थबकलं की हातातलं ओझं खाली ठेवावं तशी बसते. पावसाळ्यात पूर असताना दरवाजे उघडे ठेवून बराच गाळ पुढे काढून दिला जातो, आणि पाऊस ओसरताना दरवाजे लावून धरण भरून घेतलं जातं. तरी दर वर्षी काही ना काही मागे राहतंच. हिशेबाच्या वहीत हे नुकसान आहे. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीला, दीपनगरच्या वीजकेंद्राला, भुसावळ-वरणगावला जे पाणी लागतं त्यातून हा गाळ थेट वजा होतो. ज्यांच्या बागेची पाळी चुकते त्यांना या गाळाचं कौतुक सांगायला गेलं तर ते ऐकून घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पण पाणपक्षी येतात ते याच गाळासाठी.

चिखलाचा एक तुकडा खुरप्यानं उचलून तळहातावर आडवा फोडला की त्यात थर दिसतात. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा तांबूस-तपकिरी असतो; त्याला हवा लागलेली असते, त्यावर शेवाळाची हिरवट झाक असते. त्याच्या खाली लगेच काळाभोर, लोण्यासारखा मऊ थर. त्याला सडलेल्या अंड्याचा वास येतो, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही आणि कुजणं वेगळ्या वाटेनं चालतं. त्या काळ्या थरात दोऱ्याएवढ्या, रक्तासारख्या लाल अळ्या वळवळताना दिसतात. काठावर संध्याकाळी डोक्यावर घोंगावणाऱ्या, डासासारख्या पण न चावणाऱ्या चिलटांची ही पिल्लावळ. त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल, आणि म्हणूनच जिथे हवा नाही तिथेही त्या जगतात. वीतभर चौकोनात अशा कितीतरी निघतात. शिवाय बारक्या गोगलगायी, शिंपले, झिंग्यांची पिल्लं, पाणगवताच्या गाठी आणि बी. लडाख, तिबेट, मंगोलियाच्या बाजूनं आलेला पाहुणा इतका लांबचा पल्ला मारून येतो तो या ताटासाठी. वासानं नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हातात घेऊन बघावा हा चिखल. पृष्ठभागावर मेल्यासारखा दिसणारा, आणि आत इतका गजबजलेला.

हे ताट एकदम वाढलं जात नाही, पाणी उतरेल तसं वाढलं जातं. इथली सगळी गंमत उतारात आहे. दर पाचशे मीटरला एक मीटर इतका हलका उतार धरला, तर पाण्याची पातळी फक्त दहा सेंटिमीटर खाली गेली की पन्नास मीटर रुंदीची नवी ओली पट्टी उघडी पडते. कालवा सुटला, पंप चालले, ऊन लागलं की कड आत सरकते आणि तिच्यामागे पक्षी सरकतात. कोण कुठे उभं राहणार हे पायाच्या मापानं ठरतं. चिखल्या ओल्या मातीवरच दुडदुडतो, पाण्यात उतरत नाही. टिलव्याला पेरभर पाणी पुरतं. शेकाट्याचे लालबुंद पाय वीतभर, तो तेवढ्या पाण्यात. चित्रबलाक आणि चमचा हे उंच पक्षी त्याहून खोल, हातभर पाण्याच्या आतबाहेर. थापट्या बदक चोच पृष्ठभागावर टेकवून पाणी गाळत जातो. त्याच्या चोचीच्या कडांना फणीसारखे दाते असतात. तलवार बदक शेपूट आभाळाकडे करून मान तळाशी घालतं. त्याच्याही पलीकडे, जिथे उभं राहणं कुणालाच शक्य नाही, तिथे लालसरी बदकं आणि वारकरी नावाचे काळेकुट्ट पाणपक्षी बुड्या मारतात. काठापासून आत असे पट्टे सरळ ओळीनं दिसतात. पाणी न मोजता, कोणता पक्षी कुठे उभा आहे यावरून तिथली खोली सांगता येते.

म्हणूनच पातळीचं गणित चुकलं की सगळं चुकतं. जानेवारीपर्यंत धरण काठोकाठ राहिलं तर चिखल उघडाच पडत नाही. चिखल्या, टिलवे, तुतवार दुसरीकडे निघून जातात आणि लोक म्हणतात, यंदा पक्षी आलेच नाहीत. उलट पाणी भराभर उतरलं तर पट्टी उघडी पडते खरी, पण वरचा थर चार-पाच दिवसांत कडक होतो आणि चोच आत जात नाही. ओली, मऊ, अजून न सुकलेली अशी कड रोज थोडी थोडी मिळत राहिली तरच थवे टिकतात. त्यासाठी वेगळं काही बांधावं लागत नाही. कालव्याची आवर्तनं ठरवताना या गोष्टीची आठवण ठेवणारं कुणीतरी त्या खोलीत असावं लागतं.

आता चालण्याचं. त्या पोराची चूक अशी की त्याला जमीन कोरडी दिसली. वरून उन्हानं साय धरते, करडी पडते, खाली रेंदा तसाच असतो. काळी चिकणमाती पाणी धरून फुगते आणि सोडायला महिने घेते. भरवसा ठेवायचा तो भेगांवर. बोट सहज जाईल एवढ्या रुंद भेगांची जाळी पडली असेल तर जमीन माणूस पेलते. भेगा नखाएवढ्याच बारीक असतील तर थांबायचं. भेगाच नसतील आणि वर तकतकीत चमक असेल, तर ती जागा पाण्यातच धरायची. दुसरी खूण गुरांच्या खुरांची. म्हैस आपल्यापेक्षा जड, आणि तिच्या चार पायांचं एकेक खूर लहान. तिचा ठसा दोन बोटं खोल असेल तर निर्धास्त जावं, चार बोटांपेक्षा खोल असेल तर मागे फिरावं. लव्हाळ्याची हिरवळ दाट असेल तिथे मुळांचं जाळं असतं, ते बऱ्यापैकी तोलतं. पाणकणसाच्या बेटात मात्र जाऊ नये. मुळं धरून ठेवतात पण मधल्या जागा खोल असतात आणि दिसत नाहीत. हातात छातीइतकी काठी असावी. एका रेट्यात ती वीतभर आत गेली तर पुढचं पाऊल नाही. पाय अडकलाच तर सरळ वर ओढायचा नाही. तळव्याखाली पोकळी होते आणि चिखल तोंडानं ओढावं तसा धरतो. जितका जोर जास्त तितकी पकड घट्ट. मागे झुकून बसायचं, वजन पसरू द्यायचं, घोटा हळूहळू गोल फिरवायचा, कडेनं हवा-पाणी आत गेलं की पाय आपोआप सुटतो. चप्पल नकोच. पट्ट्यांची सँडलही नको. बांधलेला कॅनव्हासचा बूट चालतो, गमबूट चालत नाही. गमबूट आत राहतो आणि माणूस मोज्यावर बाहेर येतो.

वेळ आणि बाजू दोन्ही महत्त्वाच्या. डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आधी पोहोचावं आणि पूर्वेच्या काठावर उभं राहावं, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांवर उजेड पडतो. उलट्या काठावर उभं राहिलं तर सगळे पक्षी काळे, नुसत्या आकृत्या. थंडी त्या वेळी हाडात शिरते, पाण्यावरून धूर निघावा तसं धुकं सरकत असतं, आणि पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतात. चक्रवाक या तांबूस बदकाचा तो सानुनासिक हाक मारल्यासारखा आवाज, वारकऱ्यांची कुरबुर, टिटवीचा आरडाओरडा. धुकं विरळ झालं की तांबूस ठिपके दिसायला लागतात. दहानंतर चिखल तापतो, हवा थरथरते आणि दुर्बिणीत सगळं वितळल्यासारखं दिसतं. ८×४२ची दुर्बीण इथे हाताला बरी. लांबचे थवे ओळखायचे असतील तर तिपाईवरचा स्कोप लागतो. कपडे मातीच्या रंगाचे. पांढरा सदरा मैलावरून दिसतो.

आणि अंतर. पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांचा, थवा चरत असतो तेव्हा बहुतेक माना खाली असतात, दोन-तीन पहारेकऱ्यांच्या तेवढ्या वर. आपण जवळ जायला लागलो की एकेक मान वर यायला लागते. निम्म्या माना वर आल्या की थांबायचं. सगळ्या वर आल्या तर उशीर झालेला असतो. सरळ रोखून चालण्यापेक्षा तिरकं, थांबत, त्यांच्याकडे न बघता गेलेलं त्यांना चालतं. दीडशे मीटर हे बरं अंतर. त्या सकाळी गाडीचं दार आपटलं तेव्हाच पलीकडच्या पट्टीवरून सगळा थवा उठला होता. बघणाऱ्यांना ते दृश्य फार सुंदर वाटलं, टाळ्याही वाजल्या. उडणं सुंदर असतंच. पण मार्चच्या सुमारास या पक्ष्यांना हिमालय ओलांडून परत जायचं आहे, आणि त्या प्रवासाची चरबी याच चिखलातून, चोचीचोचीनं जमा होते. दिवसातून चार वेळा उठवलेला पक्षी चार वेळा ती खर्च करतो. मोजणी करणारे म्हणूनच पक्षी बसलेले असतानाच मोजतात. आधी दहा नीट मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत बसवायचा, मग तसे किती तुकडे ते बघायचं. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, १९८७ पासून. हतनूरची महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून नोंद आहे ती अशाच, बोटं गारठलेल्या सकाळी केलेल्या मोजण्यांच्या जोरावर.

काठावर पक्ष्यांखेरीज माणसंही आहेत, आणि त्यांचा हक्क आधीचा आहे. ज्यांची गावं-शिवारं पाण्याखाली गेली त्यांच्यातले काही आज त्याच जमिनीवर, पाणी उतरलं की, गाळपेर करतात. हरभरा, गहू, मका, उन्हाळ्याकडे टरबूज. खत जवळजवळ लागत नाही, ओल महिनोन्‌महिने पुरते. हरभऱ्याच्या रांगा पाण्याच्या दिशेनं उतरत जातात आणि शेवटच्या रांगेपासून चार पावलांवर धोबी पक्षी शेपूट नाचवत असतो. पक्षीप्रेमींपैकी काही जणांना ही शेती नको असते. मला ते पटत नाही. नुसत्या हरभऱ्यानं पक्ष्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कडेला लावलेल्या डिझेल इंजिनाच्या दिवसभराच्या धडधडीनं, आणि पाण्याच्या अगदी काठापर्यंत मारलेल्या कीटकनाशकानं. ते पहिल्या ओलीबरोबर खाली उतरतं आणि त्या लाल अळ्या सगळ्यात आधी मरतात. कडेची तीस-चाळीस पावलं मोकळी सोडली तरी पुष्कळ झालं. मासेमारीचंही तसंच. भोई मंडळी पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी बघायला जातात तेव्हा पक्षी फार तर थोडे बाजूला सरकतात. त्यांना ती माणसं ओळखीची झालेली असतात. पण पाण्यात न दिसणारी बारीक नायलॉनची जाळी, तीही तुटून सोडून दिलेली, बुडी मारणाऱ्या लालसरीचा गळा धरते. तुटलेलं जाळं बाहेर काढून आणणं हे एक काम कुणालाही करता येतं, त्याला पक्ष्यांची नावं यावी लागत नाहीत.

गाळ काढण्याबद्दल मन दोन्हीकडे ओढलं जातं. तलावातला गाळ शेतात नेला की शेत सुधारतं, तलाव खोल होतो, हे खरं आहे आणि खानदेशातल्या हलक्या जमिनींना त्याचा फायदा झालेला आहे. प्रश्न तो कुठून आणि कसा उचलतात याचा आहे. ट्रॅक्टरला सोपं पडतं म्हणून काठाचाच गाळ काढला जातो, आणि पोकलेननं काढला की सरळ उभ्या कडांचे खड्डे पडतात. हलका उतार जातो, पायऱ्या तयार होतात. काठावरच दोन-अडीच मीटर पाणी झाल्यावर तिथे ना टिलवा उभा राहू शकतो ना शेकाट्या. आणि पुढच्या पावसाळ्यात भरलेले ते खड्डे गुरांना आणि पोरांना दिसत नाहीत. आतला, खोलातला गाळ काढावा, पाणी तिथेच वाढतं. कड ठेवावी.

संगमावरच्या चांगदेवाच्या देवळापाशी उभं राहिलं की चांगदेवांनी धाडलेलं कोरं पत्र आठवतं. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, मुक्ताईच्या नावानं दिंड्या येतात, तोवर पाणी बरंच उतरलेलं असतं आणि खाली पसरलेली ओली माती खरोखरच कोऱ्या कागदासारखी दिसते. पण सकाळी वाकून बघितलं तर ती लिहिलेली असते. शेकाट्याचा ठसा तीन बोटांचा, मागचं बोट नाहीच. बगळ्याचं मागचं बोट लांब, सरळ रेषेत. बदकाच्या ठशात बोटांमधला पडदा उमटलेला. त्यांच्यामधून एका ओळीत गेलेले कोल्ह्याचे पाय, आणि एके ठिकाणी पिसं. दुपारपर्यंत हे सगळं सुकून पक्कं होतं, रात्री दवानं ओलं होतं, पाणी आणखी उतरतं आणि खाली नवा कागद उघडतो.

मेमध्ये त्या जागी कुणी येत नाही. थवे गेलेले असतात. उरतात त्या टिटव्या आणि नदीतल्या बेटांवर घरटी केलेले सुरय पक्षी. ४५ अंशांच्या उन्हात काळी सपाटी फुटलेल्या खापरासारखी पडलेली असते, आणि पावसाळ्याकडे निघालेले पहिले ढग अजून लांब असतात. गेल्या हंगामात जे जे आत गेलं ते वर आलेलं दिसतं. जाळ्याला बांधलेल्या विटांचे तुकडे, पांढरे पडलेले शिंपले, बाटल्या, जुन्या बाभळीचे बुंधे, आणि चपलाही, एकेकट्याच, कडक झालेल्या, पट्टा वर करून. भेगा तोवर हातभर खोल झालेल्या असतात. एखादीत हात घातला तर मनगटापर्यंत माती भाजकी, खरखरीत लागते, कोपरापर्यंत कोमट. आणि खांदा जमिनीला टेकवून आणखी खाली नेला की बोटांच्या टोकांना अजूनही गार, मऊ ओल लागते.